औषधाचाही हिशेब ठेवू या

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गटाच्या बैठकीला आले की मी तुम्हाला एक गोष्ट हमखास बजावते. रोजकीर्द त्याच दिवशी लिहा, उद्यावर टाकू नका. वीस रुपये असोत की वीस हजार, लिहिलेलं तेवढंच खरं. तुम्ही हसता, म्हणता, ‘आल्या बाई हिशेबवाल्या.’

तर या हिशेबवाल्या बाईला दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टर मॅडमनी एक साधा प्रश्न विचारला आणि मला त्याचं उत्तर देता आलं नाही. प्रश्न असा होता : “ताई, गेल्या तीन महिन्यांत यांना कोणकोणत्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्यात?”

‘यांना’ म्हणजे माझ्या सासऱ्यांना. आम्ही त्यांना मामा म्हणतो. वय बहात्तर, बारा वर्षांपासून साखरेचा आजार. गोठ्यात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आधी तालुक्याच्या एका दवाखान्यात चार दिवस ठेवलं, मग तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. लघवीसाठी नळी घातली होती. आम्ही म्हणालो, सुटलो. आणि बाराव्या दिवशी मामांना थंडी वाजून ताप भरला. बोलता बोलता बरळायला लागले. इंजेक्शनं सुरू झाली, पण ताप काही उतरेना.

लघवी तपासायला पाठवली होती. तिला कल्चर म्हणतात. लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवतात आणि कोणत्या औषधाने तो मरतो ते बघतात, म्हणून दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्ट आला. एका बाजूला औषधांची नावं, दुसऱ्या बाजूला एकेक अक्षर. माझं बी.ए. झालंय, अक्षर वाचता आलं, अर्थ कळला नाही. मॅडमनी समजावलं. ‘एस’ असेल तर ते औषध त्या जंतूवर चालतं. ‘आर’ असेल तर जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मामांच्या कागदावर वरपासून खालपर्यंत ‘आर’, ‘आर’, ‘आर’. शेवटी दोनच औषधं चालणारी निघाली, दोन्ही महागडी, आणि किडनीवर लक्ष ठेवून द्यावी लागणारी.

तेव्हा मॅडमनी तो प्रश्न विचारला. आणि मला आठवलं. उन्हाळ्यात मामांना लघवीला जळजळ होत होती. मी औषधाच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “मागे दिल्या होत्या तसल्या गोळ्या द्या.” त्याने पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या. बरं वाटलं. पंधरा दिवसांनी पुन्हा जळजळ, पुन्हा चार गोळ्या. मध्ये एकदा खोकला झाला, तेव्हा जाऊबाईंच्या घरात उरलेल्या गोळ्या दिल्या. नाव काय? माहीत नाही. एक लांबट पांढरी होती, एक गुलाबी होती. मॅडम म्हणाल्या, “ताई, रंगावरून औषध कळत नाही.”

बचत गटाची दहा वर्षांची खतावणी मी तोंडपाठ सांगेन. घरातल्या माणसाच्या पोटात काय गेलं ते मला सांगता आलं नाही. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, ‘त्याच्या अंगाला गोळ्यांची सवय झाली, आता लागू पडत नाहीत.’ अंगाला सवय होत नाही. बदल होतो तो जंतूत. कपाशी लावणाऱ्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरायची. पण लाखांत एखादी अळी अशी असते की तिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ती राहिली, तिची पिल्लं राहिली. वर्षं गेली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचीही बोंडं पोखरली. कपाशी तीच होती, अळी बदलली होती.

आपल्या आतड्यात, कातडीवर कोट्यवधी जंतू राहतात. बरेचसे निरुपद्रवी, काही उपयोगाचे. अँटिबायोटिक घेतलं, त्याला मराठीत प्रतिजैविक म्हणतात, की त्यातले कमजोर मरतात आणि चिवट उरतात. मोकळ्या रानात तण माजावं तसे ते माजतात. म्हणून गरज नसताना घेतलेली प्रत्येक गोळी चिवट जंतूंना जागा करून देते. ज्यांनी पेनिसिलिन शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच सांगितलं होतं की औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. आज ते खरं झालंय. २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. दवाखान्यात दाखल झालेल्या सगळ्यांनाच असा चिवट जंतू गाठत नाही. मग कोणाला गाठतो? मी मॅडमना विचारलं होतं, “माझ्या त्या गोळ्यांमुळेच झालं का हो?” त्या म्हणाल्या, “एका गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. वय, साखर, आधीच्या गोळ्या, दोन दवाखाने, ऑपरेशन, नळी, सगळं साचत गेलं.” हा ‘साचत गेलं’ शब्द लक्षात ठेवा. कर्जावर व्याज चढतं तसा हा धोका चढतो. एकेक हप्ता छोटा, बेरीज मोठी.

माणूस दाखल करताना डॉक्टरांना पाच गोष्टी न विचारता सांगायच्या. हाताची पाच बोटं धरा, म्हणजे विसरणार नाही.

अंगठा : गेल्या तीन महिन्यांत कोणती अँटिबायोटिक घेतली. गोळी असो, इंजेक्शन असो, कोणी दिली तेही सांगा. दुकानातून आणली असेल तर लाजू नका. मी लाजले, आणि पहिल्या दिवशी ‘काही नाही’ म्हणून मोकळी झाले. ती लाज महागात पडली.

दुसरं बोट : गेल्या वर्षभरात कुठे दाखल होता का. किती दिवस, आयसीयूत होता का, ऑपरेशन झालं का, डायलिसिस चालू आहे का. एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणलेला माणूस पहिल्या दवाखान्यातला जंतू अंगावर घेऊन येऊ शकतो. पहिल्या दवाखान्याचे कागद फाइलमध्ये घालून सोबत न्या.

तिसरं बोट : पूर्वी कधी कल्चरच्या रिपोर्टमध्ये ‘आर’ ची रांग आली होती का. असा जंतू बरं वाटल्यावरही आतड्यात कित्येक महिने मुक्काम ठोकून राहू शकतो. म्हणून तो कागद जमिनीच्या सातबाऱ्यासारखा जपा.

चौथं बोट : अंगाची ताकद कमी करणारे आजार आणि औषधं. साखर, किडनीचा आजार, कॅन्सरची औषधं, आणि स्टेरॉइड. दम्यासाठी, सांध्यांसाठी कोणी पुड्या बांधून देत असेल तर तेही सांगा. त्या पुडीत काय असतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

पाचवं बोट : अंगावर आधीपासून जखम किंवा नळी आहे का. न भरणारी पायाची जखम, झोपून झोपून पाठीला पडलेली जखम, घरीच लावलेली लघवीची किंवा जेवणाची नळी.

ही पाच उत्तरं मिळाली की डॉक्टरांना पहिलं औषध निवडायला मदत होते. रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात, पण जास्त आजारी माणूस तीन दिवस थांबू शकत नाही. त्यांना अंदाजाने सुरुवात करावी लागते. तो अंदाज आपल्या उत्तरांवर उभा असतो.

आता वॉर्डात काय घडतं ते बघू. आपली कातडी म्हणजे अंगाभोवतीचं कुंपण. नळी घातली की कुंपणाला वाट पडते. लघवीची नळी, सलाईनची सुई, मानेत किंवा छातीत घातलेली मोठी नळी, घशातून श्वासासाठी घातलेली व्हेंटिलेटरची नळी, या सगळ्या वाटा आहेत. गरज असते तेव्हा त्या जीव वाचवतात. पण जितके दिवस राहतील तितका धोका वाढतो. लघवीच्या नळीचं गणित सांगते. नळी घातल्यापासून दर दिवसामागे शंभरातल्या तीन ते सात रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात. महिनाभर राहिली तर जवळजवळ सगळ्यांच्या. लघवीत जंतू दिसला म्हणजे आजार झालाच असं नाही. ताप, थंडी, पोटात दुखणं असेल तर डॉक्टर ठरवतात. पण वाट उघडी राहिलेली असते हे खरं.

म्हणून रोज सकाळी डॉक्टर फेरीला आले की एक प्रश्न विचारायचा : “मॅडम, ही नळी अजून लागणार आहे का?” एवढंच. भांडायचं नाही, नळी आपण ओढायची नाही. फक्त विचारायचं. मी बारा दिवस विचारलं नाही. मला वाटायचं, शिकलेली माणसं आहेत, आपण काय विचारायचं. आणि खरं सांगू का, नळीने माझी सोय होत होती. मामांना उठवायला लागत नव्हतं, चादर बदलायला लागत नव्हती. हे बोलायला जड जातं, पण बोलायला हवं, कारण तुमच्यातल्या कित्येकींना असंच वाटलं असेल.

नळीच्या पिशवीबद्दल माझी आणखी एक चूक. मामांना एक्स-रेला नेताना मी पिशवी उचलून त्यांच्या पोटावर ठेवली. सिस्टर ओरडल्या. पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहायला हवी, नाहीतर पिशवीतली लघवी उलटी आत जाते. पिशवी जमिनीला टेकू द्यायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही. सलाईनची सुई जिथे आहे तिथे लाली, सूज, ठणका दिसला की लगेच सिस्टरना सांगायचं.

दुसरी वाट म्हणजे हात. ज्या माणसाने आयुष्यात अँटिबायोटिक घेतलं नाही त्यालाही वॉर्डात चिवट जंतू लागू शकतो, आणि तो बहुतेक वेळा हातांवरून येतो. खाटेची कड, दाराची कडी, लघवीचं भांडं, मोबाइल. १८४७ सालची गोष्ट आहे, युरोपातल्या व्हिएन्ना शहराची. तिथल्या बाळंतिणींच्या दवाखान्यात दोन विभाग होते, एक सुईणींचा, एक डॉक्टरांचा. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरत. त्या एप्रिल महिन्यात शंभरातल्या अठरा गेल्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की डॉक्टर मंडळी मुडद्यांची चिरफाड करून तशाच हातांनी बाळंतिणीला तपासतात. त्याने चुन्याच्या क्लोरीन पाण्याने हात धुवायला लावले. जून महिन्यात हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास आलं. जंतूंमुळे आजार होतो हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. नुसत्या हात धुण्याने बाया वाचल्या.

आपले हातही तेच करतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा गाडी मिळेना म्हणून दोन दिवस आला नाही. मी तिला पाणी पाजलं, तिची पिशवी रिकामी केली आणि तशीच येऊन मामांची उशी नीट केली. माणुसकी सोडा असं मी म्हणत नाही. मध्ये हात धुवा म्हणते. साबणाने चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, अंगठ्याभोवती. सॅनिटायझर असेल तर हात वाळेपर्यंत वीस-तीस सेकंद चोळायचं. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. घरून निघताना पिशवीत डबा आणि चादर घेतो, त्यात साबणाची वडी टाका.

आणि भेटायला जाण्याचं काय? आपल्याकडे कोणी आजारी पडलं की जीप भरून जायची रीत. न गेलं तर नाव ठेवतात. मामांना पहिल्या चार दिवसांत तीसेक माणसं भेटून गेली. खाटेवर बसली, मलमपट्टी उचलून जखम बघितली. आता आमच्या घरात ठरलंय : दवाखान्यात एक जण सोबतीला, बाकीच्यांनी फोन करावा, आणि माणूस घरी आल्यावर चहाला यावं. सर्दी-ताप असलेल्याने, लहान मुलं घेऊन कोणी वॉर्डात जाऊ नये.

हे ऐकून कोणी असा अर्थ काढू नका की दवाखान्यात जायचंच नाही, की अँटिबायोटिक म्हणजे विष. तसं मुळीच नाही. थंडी वाजून ताप, धाप लागणं, लघवी कमी होणं, माणूस बरळणं, असं काही दिसलं तर एक तासही घालवू नका, गाडी करा. अशा वेळी योग्य अँटिबायोटिकच जीव वाचवतं. ते वेळेला लागू पडावं म्हणूनच एरवी जपून वापरायचं.

घरी काय जपायचं? साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, कारण तो बहुतेक वेळा विषाणूंचा आजार असतो आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. डॉक्टरांकडे जाऊन ‘कडक गोळी द्या’ म्हणून हट्ट धरायचा नाही. दिलेल्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस, सांगितल्या तशा घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, उरवून ठेवायच्या नाहीत, जावेला द्यायच्या नाहीत. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१६ पासून आरोग्य मंत्रालय ही लाल रेघ ओळखायला सांगतंय. शिवाय १ मार्च २०१४ पासून असा नियम आहे की काही अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषध किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. म्हणजे बघा, कायद्याने दुकानदारालाही हिशेब ठेवायला लावलाय. मग आपण का नाही?

आमच्या गावातल्या चार गटांनी आता सुरुवात केली आहे. प्रत्येक घरात एक वही, घरातल्या प्रत्येक माणसाला एक पान. पानावर पाच रकाने : तारीख, कशासाठी, औषधाचं नाव, किती दिवस घेतलं, कोणी दिलं. गोळ्या सुट्ट्या कापून घेतल्या की नाव कापलेल्या तुकड्यावरच राहून जातं, म्हणून नाव असलेला तुकडा मागून घ्यायचा, किंवा पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढायचा, आणि बिल घ्यायचंच. बिल त्याच पानाला टाचणीने लावायचं. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शाळेत जाणारं नातवंड लिहितं, नाहीतर आशाताई मदत करतात. महिन्याच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की पाच मिनिटं वही उघडायची. आपल्या दशसूत्रीत हिशेब आहे आणि आरोग्यही आहे. ही वही दोन्हींची.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका सदस्येच्या मुलीला बाळंतपणात सिझर करावं लागलं. तिच्या आईने दाखल करताना वही पुढे केली. दोन महिन्यांपूर्वी लघवीच्या त्रासासाठी कोणतं औषध घेतलं होतं ते त्यात होतं. तिथल्या डॉक्टरांनी वही वाचली आणि तिच्या कागदावर तशी नोंद केली. तिसऱ्या दिवशी त्या आईने मला फोन केला. म्हणाली, “ताई, मी नळीचं विचारलं. आजच काढली.” मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

मामा एक्केचाळीस दिवसांनी घरी आले. त्यासाठी दोन शेळ्या विकल्या, गटातून तीस हजारांचं कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. आता ते वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात आणि शेळ्या दोन कमी का, असं कधीमधी विचारतात. पण शेजारच्या खाटेवरची ती बाई, जिला मी पाणी पाजलं होतं, ती घरी गेली नाही. तिलाही तसलाच जंतू होता. तो तिच्याकडून मामांकडे आला, की मामांकडून तिच्याकडे गेला, की दोघांनाही तिसरीकडूनच लागला, हे मला कधीच कळणार नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा माझे ते न धुतलेले हात मला आठवतात.

म्हणून मैत्रिणींनो, उद्या सकाळी चहा झाला की एक वही काढा. पहिलं पान घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचं. त्यांच्या उशाशी, डब्यात, देव्हाऱ्याखाली जी पाकिटं ठेवलेली असतील ती गोळा करा आणि नावं उतरवा. कुठली कशाची आहे ते कळलं नाही तर आशाताईंना दाखवा, नाहीतर आरोग्य उपकेंद्रात घेऊन जा. आणि येत्या बैठकीला हिशेबाच्या वहीबरोबर ती वहीही आणा. मी आल्यावर आधी तीच बघणार आहे.